उजव्या कानामागचं हाड

शांताबाईंनी पदराच्या टोकानं सुनेची हनुवटी पुसली. विनया डाव्या कुशीवर निजली होती. उजव्या कानावर जाड पट्टी होती.

डॉक्टर तिच्या नवऱ्याशी, सुजयशी बोलत होते.

"गाठ साधीच निघाली, कॅन्सरची नाही. अशी कवटीच्या हाडात क्वचितच होते. पूर्ण काढलीय. पण वाढता वाढता तिनं आतला कान पोखरला होता. त्या कानानं आता ऐकू येणार नाही."

"मशीन लावलं तर?"

"उपयोग नाही."

"किती दिवसांची असेल?" हे शांताबाईंनी विचारलं.

"तीन-चार वर्षं तरी. सुरुवातीलाच आला असतात तर..." डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले.

सुजय आईकडे बघत राहिला.

"माझ्या तोंडाकडे काय बघतोस? औषधं आणायची ना? जा!"

तो गेला.

दोन वर्षांपूर्वी भुईगावच्या त्यांच्या पानवाडीत विनया पंपापाशी उभी होती. पाटाच्या दुसऱ्या टोकाहून शांताबाई घसा फोडून ओरडल्या होत्या, "बंद कर गो!" पंप चालूच राहिला. पाणी तुंबून पानवेलींच्या दोन ओळी मुळांत कुजल्या. "कानात सारखं घूं घूं होतं, आई," विनया म्हणाली होती. "काम सांगितलं की बरं घूं घूं होतं!" असं शांताबाईंनी चार बायकांत ऐकवलं. त्या दिवसापासून सुनेला पानवाडीत पाऊल टाकू दिलं नाही. पुढं विनयानं कानाचं नावच काढलं नाही.

शांताबाईंनी स्टूल खाटेला लावलं. वॉर्डात कुणाचं लक्ष नाही हे एकदा पाहून घेतलं. विनयाचे डोळे मिटलेले होते, चांगला कान उशीत दबलेला होता.

"पंप तू मुद्दाम चालू ठेवला नव्हतास," त्या म्हणाल्या. "मीच चुकले. तुझा कान माझ्यामुळं गेला."

नवऱ्यापुढेसुद्धा असं कधी त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं.

विनयानं डोळे उघडले. सासूचे ओठ हलताना तिला दिसले असावेत. कळ सोसत तिनं उशीवरून डोकं उचललं.

"काय म्हणालात, आई?"

शांताबाईंच्या हातात पदराचं टोक चुरगळलं. मग त्यांनी तिचं डोकं हलकेच पुन्हा उशीवर दाबलं.

"पेज आणलीय म्हटलं. गार होतेय," त्या मोठ्यानं म्हणाल्या.

विनयानं उशाशी पुसून उपड्या ठेवलेल्या पेजेच्या डब्याकडे पाहिलं. मग सासूकडे पाहिलं. पुन्हा काही विचारलं नाही.