आजारी ठरवलेले चार उंदीर

मित्रांनो, मी लंडनच्या एका प्रयोगशाळेतला जुना बझर आहे. वाजणं हा माझा धंदा, आणि आता मला त्याची किळस येते. उंदरांच्या मुताचा वास मुरलेल्या पेटीत मला बसवलं, तेव्हा मात्र मी वाजायला फार उत्सुक होतो.

काम साधं होतं. पेटीत तहानलेला उंदीर सोडायचा. मी चाळीस वेळा वाजायचो आणि काहीच घडायचं नाही. उंदीर आधी दचकायचा, मग मला भीक घालायचा नाही. पुढे मी वाजलो की त्याच्या पायांना विजेचा झटका बसायचा. मला प्रथमच ऐकणारा उंदीर लगेच घाबरायला शिकायचा, मी वाजताच पाणी प्यायचा थांबायचा. सरावलेला मात्र खुशाल पीत राहायचा. पण त्याला उत्तेजक औषध टोचलं, किंवा मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग निकामी केला, की चाळीस वेळा ऐकूनही त्याला माझ्याकडे दुर्लक्ष करणं जमायचं नाही. मनाच्या आजारात माणसाला नको ते आवाज का छळतात, ते यातून कळेल म्हणे. मला अभिमान वाटायचा.

प्रयोग करायची ग्वेनिथ. वेल्सहून आलेली, तीन वर्षं राबलेली. जूनमध्ये तिला प्रबंध द्यायचा होता. वासामुळे ती पेटीचं झाकण उघडंच ठेवायची. उंदरांची देखभाल करणारी डोरीन रोज सांगायची, "झाकण लाव गं बाई, बाहेरच्या पिंजऱ्यांत सगळं ऐकू जातं." रोज तेच ऐकून ग्वेनिथला ते ऐकूच येईनासं झालं.

शेवटी बिनऔषधाचे आठ उंदीर आले. त्यांनी मला कधीच ऐकलेलं नाही, असा तिचा समज. झटके बसूनही त्यातले चार मला घाबरेचनात. त्या चौघांचे पिंजरे माझ्या पेटीला लागूनच होते.

प्राध्यापक थॅकरे आकडे बघून म्हणाले, "या चौघांनी घात केला. आजारी होते असं लिही आणि काढून टाक."

डोरीन पिंजरे पुसत होती. "आजारी? सकाळी मीच वजनं केली, टुणटुणीत आहेत. आठवडाभर हा भोंगा ऐकतायत बिचारे. खरं वागले म्हणून त्यांनाच आजारी पाडता होय?"

"डोरीन, तू पिंजरे धू."

"तेच करतेय, सर. इतकी घाण मात्र पिंजऱ्यातसुद्धा नसते."

ते गेल्यावर ग्वेनिथ हळूच म्हणाली, "पुन्हा करायचं तर सहा महिने जातील. घरी काय सांगू?"

"खरं सांग. झाकण उघडं राहिलं म्हणावं."

ग्वेनिथने पेन्सिल उचलली. मला आशा होती. मग तिने चार ओळींत चार वेळा 'आजारी' लिहिलं. त्याच दुपारी त्या चौघांना मारलं.

जूनमध्ये तिचं कौतुक झालं. प्रबंधात माझं छायाचित्र आहे, खाली 'विश्वासू उपकरण' असं लिहिलंय. ते शब्द आठवले की स्वतःचीच किळस येते. आता मी खणात पडून आहे, आणि पडून आहे तेच बरं.

मित्रांनो, जुनी यंत्रं तुम्हाला 'आम्हाला पुसा, तेल घाला' असं विनवतील. मला पुसू नका. एवढंच करा, प्रयोगासाठी एखाद्याचा जीव घेणार असाल, तर मरण्याआधी त्याने जे दाखवलं, ते तरी जसंच्या तसं लिहा.