तिसऱ्या रांगेतली उडी

डोरीनने भिंग फोटोवर तसंच धरून दुसऱ्या हाताने सदऱ्याच्या पाठीवरचा आकडा सपाट केला. तिसरी निळी रेघ आकड्याच्या डाव्या कडेत घुसत होती. फोटोतही घुसत होती. कमरेजवळचं रफू जुळलं, कॉलरवरची उसवलेली शिवणही जुळली.

रेघांच्या कापडावर आकडा नेमका कुठे बसेल, हे शिंप्याच्याही हातात नसतं. म्हणून बेसबॉलचे असे दोन सदरे कधी सारखे निघत नाहीत. तीन खुणा जुळल्या की, फोटोतल्या खेळाडूने घातलेला सदरा हाच, अशा दाखल्यावर डोरीन तारीख आणि वेळ घालून सही करायची. दोनच जुळल्या तर मालकाला कॉफी पाजून सदऱ्यासकट घरी पाठवायची.

"झालं का गं? कॅटलॉग छपाईला जायचाय," लिलावघराचा मालक गस तिच्या खांद्यावरून वाकला. "आणि हा मागचा काका बघ की! सदरेवाला ऑगी ब्रँट नुसता धावतोय, उडी ह्याची. सदरा राहू दे, ह्यालाच लिलावात काढू."

डोरीनने पाहिलं. मैदानाबाहेर उडालेल्या चेंडूसाठी प्रेक्षकांच्या तिसऱ्या रांगेतला एक माणूस दोन्ही हात वर करून हवेत होता. जमीन त्याच्यापासून चांगली दीड-दोन फूट खाली राहिली होती.

उजवा कान वरून दुमडलेला. एक.

बॉलिंग क्लबच्या शर्टाला चार पांढरी बटणं आणि एक तपकिरी. तपकिरी तिनेच लावलं होतं. दोन.

दोन म्हणजे काहीच नाही, असं ती गिऱ्हाइकांना सांगायची. तिने भिंग खाली सरकवलं. माणसाच्या खुर्चीवर, उशीसारखा दुमडून ठेवलेला, पाठदुखीचा कमरेचा पट्टा होता. त्यावर तिच्या जुन्या स्कर्टचं ठिगळ.

फोटोच्या पाठीवर वर्तमानपत्राचा शिक्का होता: रविवार, १४ ऑगस्ट १९८३. त्या सकाळी तिने तो पट्टा वडिलांना स्वतः आवळून बांधला होता, गुडघ्यांखाली उशी दिली होती आणि ती हॉटेलात प्लेटा वाहायला गेली होती. सोमवारी शिकागोच्या चित्रकला महाविद्यालयाला पत्र टाकलं: येता येत नाही, वडिलांना वाकता येत नाही.

"काय गं, ओळखीचा आहे?"

"आहे असं वाटत होतं," डोरीन म्हणाली आणि तिने सही केली.

घरी तिचा बाप एल्डन खुर्चीत बसून वाट पाहत होता. शुक्रवारी क्लबात तळलेले मासे असायचे. चौऱ्याऐंशी वर्षांच्या या माणसाच्या बुटांच्या नाड्या एकेचाळीस वर्षं डोरीनकडे होत्या, सुट्टीच्या दिवशीसुद्धा.

"उशीर केलास, पोरी. मासे संपले तर ब्लांचबाईंचं बटाट्याचं सॅलड खावं लागेल. मागच्या वेळी त्यात मला हेअरपिन मिळाली होती."

ती खाली बसली, डाव्या बुटाची नाडी बांधली. मग पिशवीतून फोटो काढून त्याच्या मांडीवर ठेवला.

एल्डनने तो लांब धरला, जवळ धरला, परत लांब धरला.

"केस होते तेव्हा मला," तो म्हणाला.

"चेंडू मिळाला?"

"छे. बोटांना लागून पुढच्याच्या बिअरमध्ये पडला. नवीन घेऊन द्यावी लागली." त्याने फोटोच्या कडेवरून अंगठा फिरवला. "एकदाच गेलो होतो गं."

"आणि पाठ?"

"ती जुलैतच बरी झाली होती." त्याने फोटो उलटा ठेवला. "पण तू सगळं इतकं छान करत होतीस, सांगायला मुहूर्तच लागेना."

डोरीन उठली. तिने गाडीची किल्ली घेतली, कोटाची बटणं सावकाश लावली आणि दारात उभी राहिली.

एल्डनने रोजच्यासारखा उजवा पाय थोडा पुढे केला. नाडी लोंबत होती. तो तिच्याकडे पाहत राहिला, ती बुटाकडे. साडेसहाला मासे बंद व्हायचे.

मग तो वाकला. गुडघ्यावर हात न टेकता, एकदाही न कण्हता, सरळ बुटापर्यंत. दुहेरी गाठ मारली.

डोरीनने दाखल्यावर वेळ घालायच्या सवयीने घड्याळ पाहिलं. सहा वाजून बारा मिनिटं.