टाकीखालच्या तीन ओळी

राजेशने एन्टर दाबला आणि खुर्ची मागे सरकवली. पुढचं काम आता एजंटचं होतं.

"ऋतिकाच्या गेमच्या नकाशातला सगळा मराठी मजकूर शोध, शुद्धलेखन सुधार, काय काय बदललंस त्याची यादी दे," एवढंच त्याने लिहिलं होतं. चौक गावात जुन्या हायवेवर त्याचं फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांचं दुकान होतं. पत्रिका तपासायला हे एआयचं साधन तो वर्षभर वापरत होता. एकदा सांगितलं की ते आपलं आपण फाइली उघडायचं, वाचायचं, दुरुस्त करायचं. राजेशच्या दुकानातून चुकीची वेलांटी बाहेर पडत नाही, असं गिऱ्हाइकं म्हणायची. ते ऐकायला त्याला आवडायचं.

ऋतिका आठवीत होती. महिनाभर खपून तिने गेममध्ये आपलं गाव उभं केलं होतं. घरं, शाळा, टाकी, ओढ्यावरचा साकव, सगळं. उद्या शाळेच्या प्रदर्शनात ते मोठ्या पडद्यावर दिसणार होतं. लॅपटॉप देताना ती म्हणाली होती, "बाबा, फक्त रस्त्यावरच्या पाट्या बघा. सोळाच आहेत." मग आईबरोबर ती रंगीत कागद आणायला बाजारात गेली. राजेशने मात्र सगळंच तपासायला लावलं. अर्धवट काम त्याला खपत नसे.

यादी आली. एकोणीस ओळी.

'मारूती मंदीर'चं 'मारुती मंदिर' झालं होतं. 'विहिर'ची 'विहीर'. 'किराणा दूकान' ही पाटी वाचून तो मान हलवत हसला. अशा सोळा पाट्या संपल्या. खाली आणखी तीन ओळी होत्या आणि त्यांच्यापुढे एजंटने नोंद केली होती : पाण्याच्या टाकीखाली, जमिनीच्या आत एक खोली आहे, तिच्या भिंतीवर.

'बाबा चिडले की इथे यायचं. इथून आवाज येत नाही.'

'आईची जागा. ती नंतर येते.'

'दोनशेपर्यंत मोजायचं. मग घरी जाता येतं.'

दुरुस्तीनंतर शुद्धलेखन अगदी निर्दोष होतं.

राजेशने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, परत घातला. ओळी त्याच होत्या. आपण घरात कधी कुणावर हात उचलला नाही, हे तो चारचौघांत अभिमानाने सांगायचा. आता त्याला बुधवार आठवला. तिच्या वहीत तीन ठिकाणी 'कि' सापडला होता. तो ओरडला होता, कंपासपेटी भिंतीवर आपटली होती. नंतर घरात कुणी दिसेना. थोड्या वेळाने मायलेकी मागच्या दाराने आत आल्या, छायाच्या हातात हंडा. पाण्याला गेल्या असतील, असं त्याला वाटलं होतं. नळ तर सकाळीच येऊन गेला होता.

"झालं का हो?" छाया पिशवी सांभाळत दुकानात शिरली. "ती झेरॉक्सवाल्याकडं थांबलीय. येतेय."

राजेशने स्क्रीन तिच्याकडे वळवली. छायाने वाचलं. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. ती दचकेल, असं त्याला वाटलं होतं. ती दचकली नाही.

"तुला माहीत होतं?"

"गेममधलं नव्हतं माहीत." छायाने पिशवी टेबलावर ठेवली. "टाकीमागची जागा मीच दाखवली हाय तिला. पयलीत होती तवा."

"पहिलीत?"

"हळू बोला. येईल ती."

तो हळूच बोलला होता. निदान त्याला तसं वाटत होतं.

बाहेरून एक टेंपो खडखडत गेला. मग त्याने कीबोर्ड पुढे ओढला. एरवी न बघता टाइप करणारा माणूस एकेक अक्षर शोधत होता. 'शेवटच्या तीन ओळी होत्या तशाच ठेव. चुकांसकट.'

एजंटने केलं. 'कि' परत आला. 'यायच' परत आलं. 'नाहि' परत आलं.

ऋतिका कागदांची गुंडाळी बगलेत धरून आली. "झालं, बाबा?"

"झालं."

तिने उभ्याउभ्याच लॅपटॉप ओढला. गावात शिरली, देवळापाशी थांबली नाही, विहिरीपाशी थांबली नाही, सरळ टाकीकडे गेली. शिडीवरून खाली उतरली. भिंतीसमोर आली आणि तिचे वर गेलेले खांदे खाली आले. राजेशने ते पाहिलं. आपली मुलगी आपल्यासमोर एवढा वेळ श्वास रोखून उभी होती, हे त्याला आज कळत होतं.

ती लॅपटॉप मिटणार तोच तिची नजर कडेच्या यादीवर गेली. यादी बंद करायचं राजेश विसरला होता. 'एकोणीस बदल. तीन मागे घेतले.' खाली त्या तिन्ही ओळी होत्या. आधीच्या आणि नंतरच्या.

तिने दोनदा वाचलं. आईकडे पाहिलं. छायाने नुसती होकाराची मान हलवली.

राजेशला बोलायचं होतं. तोंड उघडलं, पण कुठल्या आवाजात बोलावं ते त्याला कळेना.

ऋतिकाने कागदांची गुंडाळी छातीशी घट्ट धरली. ती रडली नाही, रागावली नाही. गृहपाठातली शंका विचारावी तसं तिने विचारलं,

"मग आता दुसरी जागा शोधायची का, बाबा?"