बिस्किटावरचा निळा डाग

बंद पडलेल्या बॅटरी कारखान्याच्या फाटकाशी सकाळी आठलाच सगळा गाव लोटला होता. वीस वर्षं झाकून ठेवलेल्या विहिरीवरचे पत्रे उचकटले होते आणि तिच्या काठाशी शुद्धिसिद्ध बाबा जमिनीला कान लावून पडले होते.

“रडतेय!” ते उठून ओरडले. “भूमी रडतेय! हिच्या अणुरेणूत क्लेश साठलाय. मी कंपनं सोडतो, कंपनं! मशीन नको, प्रयोगशाळा नको, सरकार तर नकोच नको!”

टाळ्यांचा कडकडाट. सगळ्यात जोरात टाळ्या पिटत होता जमिनीचा दलाल. कारखान्याच्या जागेवर त्याला प्लॉट पाडायचे होते आणि बाबांना गाडीतून आणलंही त्यानेच.

माझं लक्ष नगराध्यक्षांच्या खिशाकडे होतं. त्यात माझा अर्ज होता. अशा जुन्या जागांची माती-पाणी तपासायला सरकार लहान गावांना निधी देतं; पण ‘इथे प्रदूषणाचा संशय आहे’ असं गावाने सहीनिशी लिहून द्यावं लागतं. मुदत आज संध्याकाळी पाचपर्यंत. नगराध्यक्ष आठवडाभर “बघू, बघू” करत होते.

माझी तीन वर्षांची छकुली माती खाते. आमची गल्ली या कारखान्याच्या भिंतीला लागून. गेल्या महिन्यात तिच्या रक्तात शिसं निघालं. डॉक्टर म्हणाले, “औषध देतो, पण रोज नवं शिसं पोटात जात असेल तर उपयोग काय? कुठून येतंय ते आधी शोधा.” तेव्हापासून मी तिचे हात धुतेय, आणि तिने कशाकशावरून हात फिरवला असेल ते आठवत बसतेय.

शिष्याने बादली ओढली, पाणी झाकणाच्या घागरीत ओतलं आणि घागरीतून काचेच्या बरणीत. चहासारखं तपकिरी! बायकांनी तोंडावर हात घेतले. चार थेंब उडाले, छकुलीच्या हातातल्या बिस्किटावर पडले.

“पाहिलंत विष?” बाबांनी चिमूटभर पांढरी पूड टाकली, डोळे फिरवले आणि बरणी हलवली. पाणी क्षणात निवळलं. काच जणू रिकामी.

“आता मुलांना पाजा. आधी मुलं!”

रांग लागली. नगराध्यक्षांची नात पहिली. त्यांनी खिशातून अर्ज काढला आणि दलालाकडे बघत म्हणाले, “मग याची काही गरजच उरली नाही म्हणा ना.”

सासूबाईंनी छकुलीला माझ्या कडेवरून ओढलं. “दे इकडे. तुझ्या डॉक्टरने काय दिवे लावले?”

छकुली बिस्किट तोंडाला लावणार, इतक्यात मला ते दिसलं. थेंब पडले होते तिथे डाग पडले होते. निळे-काळे. शाळेत बटाट्याच्या कापावर आयोडीन टाकल्यावर पडायचे, अगदी तसे. मी बिस्किट हिसकावलं. छकुलीने भोकाड पसरलं.

“आई, थांबा! कुणीही पाजू नका! हे आयोडीन आहे.”

“या बाईची कंपनं दूषित आहेत,” बाबा म्हणाले.

“असतील. साहेब, तुम्ही स्वतः बादली ओढा. घागर नको. सरळ या चहावाल्या दादांच्या ग्लासात ओता.”

नगराध्यक्षांना चारचौघांत नाही म्हणता येईना, म्हणून त्यांनी ओढली. ग्लासात पाणी आलं ते काचेसारखं निवळ.

रंग घागरीत होता.

मागून औषधांचा दुकानदार पुटपुटला, “परवा या शिष्याने जखमेवरच्या आयोडीनच्या सगळ्या बाटल्या नेल्या. वर ‘क’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या. मला वाटलं, आरोग्य शिबिर असेल!”

“त्या गोळ्यांची पूड टाकली की आयोडीनचा रंग जातो,” मी म्हटलं. “बाकी काही जात नाही.”

लोक हसले. शिष्य घागर उचलून मागे सरकला. पण दलाल पुढे आला. “म्हणजे बरंच झालं की, वहिनी! पाणी मुळातच स्वच्छ. मग तपासायचं काय?”

आणि माना डोलल्या! बाबा हरले होते, आणि तरी ग्लास मुलांकडे निघाला होता.

मी फाटकाशी उकडलेली अंडी विकणाऱ्या काकूंकडून मीठ मागून घेतलं. माझ्या बाटलीतलं पाणी चहावाल्याच्या दोन ग्लासांत ओतलं, पाठ फिरवून एकात मीठ विरघळवलं.

“साहेब, मीठ कशात आहे?”

ते वाकून बघत राहिले. “नुसतं बघून कसं सांगणार? चाखावं लागेल.”

“मीठ चाखून कळतं. शिसं चाखूनही कळत नाही. ते यंत्रालाच कळतं.”

नगराध्यक्षांनी नातीच्या हातात गेलेला विहिरीच्या पाण्याचा ग्लास काढून घेतला आणि ओतून दिला. मग दलालाच्याच गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. सासूबाईंनी छकुलीला घट्ट धरलं होतं. माझ्याकडे बघत नव्हत्या.

दोन महिन्यांनी तपासणीची माणसं आली. गमबूट, हातमोजे, तोंडावर मास्क. मातीचे नमुने घेत ती फाटकापासून आमच्या गल्लीत शिरली. जिथे यंत्राचा आकडा चढे, तिथे एक लाल झेंडी. त्यांच्यातल्या एकाने विचारलं, “इथे मुलं खेळत नाहीत ना?”

मी छकुलीला उचलून कडेवर घेतलं. शेवटची झेंडी त्याने आमच्या उंबऱ्यापासून चार पावलांवर रोवली.

छकुलीला घेऊन आम्ही सध्या माझ्या माहेरी आहोत. रक्तातला आकडा थोडा उतरलाय. पूर्ण उतरेल का, ते डॉक्टर सांगत नाहीत. तुमच्या गावातही अशी एखादी भिंत असेल. तिच्या आतलं पाणी निवळ आहे असं कुणी शपथेवर सांगितलं, तरी विचारा: मोजलं कुणी? कधी? कागद कुठे आहे? आणि जो म्हणेल मोजू नका, त्याला त्यातला एक घोट आधी स्वतः प्यायला सांगू नका. तो पिऊनही दाखवेल. तपासणीच मागा.