पोपटी चिंधी

तो कॅमेरा घेतल्यापासून सुरतेच्या गोडादऱ्यात गजेंद्रची मान जरा ताठच झाली होती. लग्नाचे फोटो काढणारे सुरतेत गल्लोगल्ली पडले होते, पण लाकडी चौकटीचा, चामड्याच्या भात्याचा, मागच्या घासलेल्या काचेवर सगळं जग उलटं दाखवणारा कॅमेरा त्याच्या एकट्याकडे. मुंबईतला एक जुना स्टुडिओ बंद पडला, तिथून त्याने तो उचलला होता. सोबत तिपाईवर बसवायचं गिअरचं हेडही मिळालं. त्याला तीन मुठी. एक फिरवली की कॅमेरा पुढे वाकायचा, दुसरी फिरवली की बाजूला कलायचा, तिसरीने डावी-उजवीकडे वळायचा, तेही दात्या-दात्याने, अगदी हवा तेवढाच. आल्यागेल्याला गजेंद्र मुठी फिरवून दाखवत बसायचा आणि पाहुण्याचा चहा गार व्हायचा.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, समाजाचं सामूहिक लग्न ठरलं. मंडळाचे अध्यक्ष बन्सीलाल भर बैठकीत म्हणाले, "सगळ्या जोड्या एकाच फोटोत पाहिजेत. आणि एकूणएक तोंड ओळखू आलं पाहिजे."

"पापणीचे केससुद्धा मोजून घ्या," गजेंद्र म्हणाला. लोक हसले, आणि काम त्याला मिळालं.

आता एवढी फुशारकी मारणाऱ्याने आपलं सामान नीट सांभाळावं की नाही? कॅमेऱ्याच्या बुडाचं भोक मोठं आणि हेडवरचा स्क्रू बारीक. दोघांच्या मधे बसणारं छोटं पितळी बूश गजेंद्रने कुठेतरी हरवलं. उधन्याच्या लेथवाल्याकडे नवं करून मिळालं असतं, पण आज जाऊ, उद्या जाऊ करता करता आखाजी दारात आली. मग त्याने तेच केलं, जे आपल्याकडे सगळेच करतात. खाटेचा पाय हलला, लाव चिंधी. नळ गळतोय, गुंडाळ चिंधी. आणि सुरतेत चिंध्यांना काय तोटा! बायकोच्या, नूतनच्या, शिवणाच्या पिशवीतून त्याने पोपटी जॉर्जेटचा तुकडा काढला, स्क्रूला गुंडाळला आणि कॅमेरा वर पिळून बसवला. घट्ट बसला. हलवून पाहिला, हलला नाही. बायकोलाही त्याने हे सांगितलं नाही.

लग्नाच्या सकाळी त्याचे वडील भटूअण्णा तेलाची कुपी घेऊन आले. त्यांचा जन्म मागावर गेलेला. दात्याचं कुठलंही यंत्र पहिल्यांदा कामाला निघालं की त्याला तेलाचं बोट आणि कुंकवाचा टिळा लावायचा, ही त्यांची रीत.

"आबा, हा माग नाही," गजेंद्र वैतागून म्हणाला.

"दाता शेतस ना? मंग तेल लागस," म्हणत त्यांनी हेडच्या दात्यांवरून हळूच बोट फिरवलं, टिळा लावला आणि हात जोडले.

मांडवात अक्षता पडल्या. मुंडावळ्या बांधलेल्या जोड्या बाकांवर ओळीने बसल्या, उभ्या राहिल्या. गजेंद्रने काळं फडकं डोक्यावर घेतलं. काचेवर ओळ किंचित तिरपी दिसत होती. ती सरळ करायला त्याने बाजूची मूठ फिरवली. कॅमेऱ्याचा सगळा भार एका अंगाला गेला. चिंधीतून स्क्रू सुटला आणि त्याने हात घालेपर्यंत कॅमेरा सतरंजीवर आडवा झाला होता. भिंग वाचलं, पण मागची काच फुटून तिचे तुकडे नवऱ्यामुलींच्या पायांपर्यंत उडाले.

बन्सीलाल धावत आले. "काय झालं रे?"

काय झालं ते गजेंद्रला त्याच क्षणी कळलं होतं. पण समोर सगळा समाज उभा, सासरची माणसं उभी, आणि सकाळचं तेल हेडच्या दात्यांवर चकाकत होतं. त्याच्या तोंडून निघून गेलं, "आबांनी तेल लावलं ना याला! घसरला."

तेल म्हटलं की घसरणारच, सगळ्यांना पटलं. कुणीतरी म्हणालंही, "म्हाताऱ्या माणसांनी कशाला हात लावावा?"

भटूअण्णांनी एकदा आपल्या बोटांकडे पाहिलं. मग ते खाली वाकून काचा वेचू लागले. वेचून झाल्यावर उठले आणि सगळा दोष स्वतःवर घेत बन्सीलालपुढे हात जोडून म्हणाले, "मनी चूक व्हयनी, भाऊ. मना हात लागना."

आपल्यापेक्षा वयाने लहान माणसापुढे बाप हात जोडून उभा होता आणि मुलगा तिपाईचे पाय मिटत होता. त्याच क्षणी बोलला असता तर निभावलं असतं. नाही बोलला.

जोड्यांनी पुढच्या रविवारी त्याच कपड्यांत पुन्हा यायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी नूतन धुणं घेऊन बसली होती. सासऱ्यांच्या सदऱ्याचा खिसा उलटा केला तर आतून पोपटी चिंधी निघाली, पिळा पडलेली, स्क्रूच्या आट्यांच्या खुणा उमटलेली.

"आबा, हाई चिंधी फेकू का?"

"ऱ्हाऊ दे, बेटा. कामले येई," भटूअण्णा म्हणाले आणि त्यांनी ती तिच्या हातातून घेतली.

गजेंद्र दारातच उभा होता. काचा वेचताना आबांनी आणखी काय वेचलं होतं ते त्याला आता कळलं. त्यांनी हात जोडले तेव्हा त्यांच्या खिशात खरं कारण होतं. त्याला अशी लाज वाटली की बापाच्या समोरून आत जायचीही हिंमत होईना, तो मागच्या गल्लीतून घरात शिरला. आठवडाभर तो आबांच्या पंगतीला बसला नाही. लेथवाल्याकडून बूश आणलं, नवी काच घासून बसवली, सगळी दुरुस्ती झाली. आबा त्याला एका शब्दाने बोलले नाहीत, आणि तेच त्याला सोसवत नव्हतं.

रविवारी मांडवाच्याच मैदानात पुन्हा ओळी लागल्या. गजेंद्रने नवं बूश घालून कॅमेरा चढवला, दोन्ही हातांनी पिळला. भटूअण्णा रिकाम्या हातांनी आले होते, तेलाची कुपी घरीच ठेवून. तरी बन्सीलाल म्हणालेच, "भटूअण्णा, तुम्ही तठे लांबच उभे ऱ्हा. मागल्या बारीसारखं नको." लोक हसले. भटूअण्णाही थोडंसं हसले आणि कडेच्या भिंतीशी जाऊन उभे राहिले.

गजेंद्र फडक्याखाली शिरला. काचेवर सगळी मंडळी डोकं खाली, पाय वर. आबा चौकटीच्या जरासे बाहेर पडत होते. त्याने वळवायची मूठ फिरवली. दात्या-दात्याने आबा आत आले, तशी दुसऱ्या टोकाची नवरी बाहेर गेली. मूठ उलटी फिरवली. नवरी आत आली, आबा गेले. पुन्हा फिरवली. बाहेर लोकांना वाटत होतं, फोटोग्राफर किती बारकाईने काम करतोय! आणि हा आत काळ्या कापडात तोंड लपवून घामाघूम झाला होता. मुठी फिरवून आबा फोटोत येणार नव्हते.

त्याने फडकं डोक्यावरून काढलं.

"बन्सीभाऊ, तेलाने काही झालं नव्हतं." सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला. "बूश मी हरवलं होतं. त्याच्या जागी चिंधी मीच घातली होती. पडला तेव्हाच मला माहीत होतं, तरी मी आबांचं नाव घेतलं. आणि आबांनाही माहीत होतं."

नूतनने पदर तोंडाला लावला. बन्सीलाल एकदा गजेंद्रकडे, एकदा जमिनीकडे बघत राहिले. मग ते स्वतः भिंतीकडे गेले, भटूअण्णांचा हात धरून त्यांना घेऊन आले आणि सगळ्यांना सरकायला लावून त्यांना ओळीच्या टोकाला उभं केलं.

"आबा..." गजेंद्र म्हणाला.

"फोटू काढ पहिले," ते त्याच्याकडे न बघता म्हणाले. "पोरी उनमा उभ्या शेतस."

"एक सेकंद कुणी हलू नका," गजेंद्रने सांगितलं आणि भिंग उघडलं.

तो फोटो मंडळाच्या कचेरीत लावला आहे. कबूल केल्याप्रमाणे एकूणएक तोंड ओळखू येतं, नवऱ्यामुलींच्या नथीतले मोतीही दिसतात. फक्त टोकाचा एक चेहरा पुसट आला आहे. चारचौघांत पोराची मान खाली गेलेली बापाला बघवली नाही आणि त्या एका सेकंदात भटूअण्णांनी स्वतःचीच मान खाली घातली. तोंड न दिसणारा हा माणूस कोण, असं नवीन माणसं अजून विचारतात, आणि गजेंद्र तिथे असला की त्याला सांगावं लागतं.