घरची गाडी

लेकीची गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर असताना बापाने माइकला हात लावू नये, एवढी साधी लाज ड्वेनला नव्हती. "आली, आली, आपली केल्सी आली!" असा तो भोंग्यातून ओरडला की तिकीटखिडकीत बसलेली आर्डिस गल्ल्याचा खण आदळून बंद करी. आपली म्हणे! मग बाकीचे काय वाटेवर पडले होते?

ड्वेन तिचा एकुलता एक मुलगा, केल्सी नात. आणि ट्रॅक आर्डिसचा. विस्कॉन्सिनच्या वाळूच्या पट्ट्यातला, पाव मैलाचा, डांबरी, अंड्याच्या आकाराचा. मोठ्या ट्रॅकवरच्या लोकांना तो बशीएवढा वाटे. वाटू दे. त्या बशीत जेवून दोन पिढ्या मोठ्या झाल्या होत्या.

मुळात हे सासऱ्यांचं काकडीचं शेत. लोणच्याच्या कारखान्याने काकडी घेणं बंद केलं, तेव्हा तिच्या नवऱ्याने, हार्लनने, त्यात मातीचा ट्रॅक काढला. धूळ अशी उडे की पलीकडच्या लूथरन चर्चच्या जेवणात बटाट्याच्या सॅलडवर थर बसे. पाद्रीबुवा दर सोमवारी दारात. शेवटी हार्लनने डांबर घालायचं ठरवलं. वळणावरच्या उतारावर रोलर टिकेना, सारखा खाली घसरे. मग वरच्या कडेला बुलडोझर लावला, रोलर साखळीने त्याला बांधला आणि दोन्ही धुडं बैलजोडीसारखी बरोबर फिरवली. त्या सगळ्या गड्यांना आर्डिसने बिअरमध्ये उकडलेले सॉसेज पोटभर खायला घातले. पण गाड्या उभ्या राहायच्या त्या आतल्या आवारात मात्र तिला पाऊल टाकायची बंदी. शर्यतवाल्यांच्या लेखी हिरवी गाडी अपशकुनी, शेंगदाणे अपशकुनी आणि बाई अपशकुनी. शेताची मालकीण, आणि बसवली शेंगदाण्यांच्या पंगतीत! पुढे बायकांची बंदी उठली. शेंगदाण्यांची अजून आहे.

डांबर गार झालं त्याच आठवड्यात हार्लनने आपली गाडी विकून टाकली. आसपास त्याच्यासारखा चालवणारा नव्हता, आणि डांबरी ट्रॅकचं स्वप्न त्याने स्वतःसाठीच पाहिलं होतं. पण तो म्हणाला, "झेंडा आपला, पंच आपले, आणि जिंकणारही आपणच? कोण येईल मग?" मरेपर्यंत त्याने स्वतःच्या ट्रॅकवर एक फेरी शर्यतीची मारली नाही. कडेच्या भिंतीला टेकून तो पाहत राही, आणि गाडी वळणात शिरली की त्याचे हात नसलेलं स्टिअरिंग वळवत. आर्डिसने ते पाहिलं होतं. म्हणून घरच्याने इथे शर्यतीत उतरायचं नाही हा नियम तिला चर्चमधल्या दहा आज्ञांच्या वरचा वाटे.

तो नियम ड्वेनने मोडला. केल्सीला गाडी हवी होती, तिचा हात खरंच चांगला होता, आणि दुसऱ्या ट्रॅकवर जायचं तर दर आठवड्याला लांबचा प्रवास. आर्डिसने महिनाभर तोंड फिरवलं आणि मग एकच अट घातली. जिंकलेल्या गाडीचं इंजिन नियमात आहे ना, ते सगळ्यांसमोर खोलून पाहायचं, हा इथला रिवाज. दोरीपलीकडे लोक बिअरचा डबा घेऊन उभे राहतात, ट्रॅकचा तपासनीस गॉर्डी इंजिनचं वरचं झाकण, म्हणजे हेड, उतरवतो, मापं घेतो आणि मोठ्याने सांगतो. मग हरलेला जिंकलेल्याला बिअर पाजतो. केल्सी जिंकली तर त्या दिवशीच्या जिंकलेल्या गाड्यांत तिची सगळ्यांत आधी खोलायची. "खोलीन, आई," ड्वेन म्हणाला होता. बाजूच्या काउंटीतला नवा ट्रॅक गाडीवाल्यांना ओढून नेत होता. इथे दरवर्षी गाड्या कमी येत होत्या. उरलेले येत होते ते या दोरीवर विश्वास ठेवून. ते गेले की ट्रॅक गेला, हे ड्वेनलाही पाठ होतं.

त्या रविवारी हंगामाची शेवटची शर्यत होती. केल्सीने बटाट्याची शेती करणाऱ्या लायल प्रीबीला शेवटच्या फेऱ्यांत बाहेरच्या बाजूने गाठलं आणि मागे टाकलं. आर्डिसने खिडकीतून पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने सिगरेटच्या धुरावर ढकललं.

आणि मग तिला दिसलं की ट्रक निघालेत. एकामागोमाग एक, गाड्या ट्रेलरवर चढवून, मुकाट्याने. शेवटच्या शर्यतीनंतर इथून कुणी अंधार पडेपर्यंत हलत नसे. आज ऊन ढळायच्या आत! लायलचा ट्रक फाटकाशी आला तशी ती बाहेर येऊन आडवी उभी राहिली.

"काय रे लायल, बिअर न घेता? बायकोने दम दिला की डॉक्टरने?"

"दोघांनीही नाही, आर्डिसबाई. घरचं कार्य दिसतंय तुमचं. बिनबोलावता कशाला थांबू?"

"वाकडं बोलू नकोस. तुझ्या बापालाही जमत नव्हतं ते."

लायलने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "हेड नाही उतरवलं. आम्ही दोरीपाशी उभे होतो, गॉर्डी पाना घेऊन उभा होता. ड्वेन म्हणाला, घरचीच गाडी आहे, कशाला खोलायची? आणि गाडी आत ढकलून शेडचं दार लावलं. फोटो काढायचेत म्हणे."

आर्डिसने मान वळवून शेडच्या बंद दाराकडे पाहिलं.

"थांब. आत्ता खोलायला लावते."

"आता खोलून काय? इतका वेळ बंद दाराआड आहे ती. आत काय होतं आणि आता काय आहे, कोण सांगणार?" त्याने टोपी पुन्हा डोक्यावर घातली. "मला बाहेरून गाठलं पोरीने. त्या लांबच्या बाजूने इथे कुणी गाठतं का? असेलही खरं. पण मला ते आता कधीच कळायचं नाही."

"पुढच्या वर्षी येशील?"

"हार्लन असते तर विचारावं लागलं नसतं," लायल म्हणाला, आणि त्याने गाडी गिअरमध्ये टाकली.

ती शेडकडे गेली तेव्हा आवारात फक्त तेलाचे डाग उरले होते, आणि दारापाशी पाना घेऊन बसलेला गॉर्डी. दार तिने पायाने उघडलं. आत ड्वेन करंडक पुसत होता. केल्सी टायरवर बसली होती, अंगावर तोच घामेजलेला पोशाख, आणि जिंकलेल्या माणसासारखं काहीच तोंडावर नाही.

"गॉर्डी, हेड उतरव."

"आई, अगं फोटोवाला..."

"फोटो गेला खड्ड्यात. उतरव रे."

"मी म्हटलं होतं, आजी," केल्सी म्हणाली. "दोनदा म्हटलं, खोला. बाबा म्हणाले, आपल्याच घरात आपली झडती कशाला?"

"तिचा दिवस होता," ड्वेन म्हणाला. "त्या बटाटेवाल्यांनी माझ्या लेकीच्या गाडीत नाकं खुपसायची?"

"ते बटाटेवालेच तुझं पोट भरतात, राजा."

गॉर्डी म्हाताऱ्याने बोल्ट सोडवले, हेड फडक्यावर ठेवलं, मापं घेतली. पुन्हा घेतली. मग सवयीने दोरीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाला, "बरोबर आहे! सगळं नियमात आहे!"

दोरीपलीकडे कुणी नव्हतं. रिकामे डबे वाऱ्याने गडगडत होते.

ड्वेनचा चेहरा मात्र उजळला. "बघ! मी काय सांगत होतो? उगाच सगळ्यांनी... थांब, माइकवर सांगतो."

तो खरंच निघाला. आर्डिसने त्याची बाही धरली.

"कुणाला सांगणार आहेस? बाकड्यांना? ड्वेन, पोरीने चोरी केली असती ना, तर मी तिचे कान उपटले असते, वर्षभर घरी बसवलं असतं आणि पुढच्या वर्षी लोकांनी तिला पुन्हा उभं केलं असतं. ती सरळ चालवून जिंकली, आणि तू तिला चोर केलंस. बापानेच दार लावलं, मग लोकांनी दुसरं काय समजायचं? तिला आता कुठेही जाऊन जिंकू दे, ही शर्यत तिला कुणी देणार नाही. तुझ्या बापाने या ट्रॅकपायी स्वतःची गाडी विकली. तुझ्याने एक दार उघडं ठेववलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात मी फाटक उघडणार नाही. ज्याला कुणी मानत नाही तो झेंडा माझ्या शेतात हलायचा नाही. जा, लायलच्या दारात जाऊन उभा राहा. तो दार उघडणार नाही. तरी उभा राहा."