बिनविरोध पाणीमंत्री

गुरुजी केंद्रशाळेत मीटिंगला गेले आणि जाताना बेडशाच्या शाळेतली सगळी चिल्लीपिल्ली यशोधराच्या हवाली करून गेले. यशोधरा नववीतली. तिची कामशेतची शाळा दुपारची, म्हणून सकाळी ती मोकळी. आणि मोकळी नसती तरी तिनं काही नाही म्हटलं नसतं. शाळेचा पाणीमंत्री निवडायचा होता, आणि मतदान कसं करतात ते पोरांना शिकवायचं काम तिनं आपणहून अंगावर घेतलं होतं.

काल तिनं सगळं बैजवार समजावलं होतं. उमेदवार दोन. तिसरीतला पप्पू, त्याची निशाणी बॅट. दुसरीतली सृष्टी, तिची निशाणी चाफ्याचं फूल. फळ्याआड दोन डबे, प्रत्येकाला एक चिंचोका. चिंचोका कुठल्या डब्यात पडला ते आवाजावरून कळू नये म्हणून तिनं डब्यांच्या तळाला फडकंसुद्धा घातलं होतं.

सृष्टी का उभी राहिली हे अख्ख्या शाळेला ठाऊक होतं. मधल्या सुट्टीत मोठी पोरं नळाला गोमाशांसारखी चिकटायची आणि सृष्टीची बाटली रिकामीच वर्गात परत यायची. तिला नळावर रांग लावायची होती. बाकी मंत्रिपदाचं तिला काही पडलं नव्हतं.

आज यशोधरा डबे घेऊन आली तर व्हरांडाभर गुलाल. पप्पूच्या गळ्यात झेंडूचा हार, आणि शेजारी खुर्चीत त्याचे आजोबा, नथूआबा, मांडीवर पेढ्यांचा खोका घेऊन.

"ताई, डबे ऱ्हाऊ द्या," पप्पू म्हणाला. "बिनविरोध झाली."

"काय झाली?"

"निवडणूक. सृष्टीनं माघार घेतली. तिला उपमंत्री केलंय."

"आणि उपमंत्री काय करणार?"

पप्पूनं आबांकडं पाहिलं. एवढं काही ठरलं नव्हतं.

यशोधराला हसू आलं आणि रागही आला. पोरांचं तरी काय चुकलं? गावाची निवडणूक त्यांनी पाहिली ती अशीच. देवळापुढं चार जाणती माणसं बसायची, की दुसऱ्या दिवशी गुलाल. मत टाकताना त्यांनी कुणाला पाहिलंच नव्हतं. मागच्या खेपेला यशोधराच्या आईनं, शालननंही अशीच माघार घेतली होती. "पुढच्या टायमाला तुमचाच नंबर" असं तिला सांगणारे हेच नथूआबा.

"आबा, पोरांना मतं टाकू द्या की," ती म्हणाली.

"अगं, बारक्या पोरांत कशाला फूट पाडती? निवडणूक झाली की दोन पार्ट्या होत्यात. मग माणसं येकमेकांच्या लग्नाला जात न्हाईत."

"यांच्या लग्नाला लय अवकाश हाय, आबा."

आबा मिशीत हसले, पण जागचे हलले नाहीत.

यशोधरा सृष्टीकडं वळली. सृष्टी एकटीच नळापाशी बसली होती, कपाळाला तिच्याही गुलाल.

"तुला माघार घ्यायचीय का गं?"

सृष्टीनं मान हलवली. नाही.

"मग घेतली कशाला?"

"पेढा खाल्ला ना."

तिच्या लेखी विषय संपला होता. पेढा खाल्ला म्हणजे शब्द दिला, आणि दिला शब्द फिरवायचा नाही. घरीदारी तिनं हेच ऐकलं होतं.  मतदानाचं यशोधरानं सगळं शिकवलं होतं, पेढ्याचं तेवढं राहून गेलं होतं.

"खाऊ म्हणजे खाऊ," ती म्हणाली. "तोंडानं हो म्हणाली होतीस का?"

सृष्टीनं आठवून पाहिलं. "न्हाई. आन् अर्धाच खाल्लाय." तिनं फ्रॉकच्या खिशातून उरलेला, गुलालानं माखलेला अर्धा पेढा काढला, आबांपुढं गेली आणि खोक्यात ठेवून दिला. "मी हुभी हाय."

आबांनी पेढ्याकडं पाहिलं, मग नातवाकडं. "टाका बाबा चिंचोके," ते म्हणाले. "येणार तर आमचा पप्पूच हाय."

आला पप्पूच. पण डबे उपडे केले तेव्हा बॅटीचे चिंचोके चाफ्यापेक्षा दोनच जास्त निघाले. सृष्टीचा चेहरा उतरला. आबांचाही उतरला. ते पप्पूच्या कानाशी लागले. "येवढी फुटली कोण? इचारून ठेव."

"आबा, ते इचारायचं नसतं," पप्पू म्हणाला. "ताईनं सांगितलंय."

मधली सुट्टी झाली आणि पोरं नळाकडं धावली. पाणीमंत्री हार सावरत आधीच तिथं उभा होता. त्यानं एकेक तोंड न्याहाळलं. यातली जवळजवळ निम्मी आपली नाहीत, आणि निम्मी कुठली ते कळायला मार्ग नाही. म्हणजे सगळ्यांशीच नीट वागणं आलं.

"रांग करा," तो म्हणाला. "बारकी पुढं."

पहिली बाटली सृष्टीची भरली. गटागटा पिऊन ती यशोधराकडं आली.

"ताई, आता परत कधी असती निवडणूक?"

"पुढच्या वर्षी."

"मग तवर पेढा खाल्ला तर चालंल?"

आबांनी खोका पुढं केला. "घे, आख्खा घे."

सृष्टीनं खोक्यात डोकावून पाहिलं, आणि शोधून आपला गुलाल लागलेला अर्धाच उचलला.